रामनाथ सरांसमोरची जागा

जुन्नर,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रतीक्षास,
सप्रेम जय भीम.

फोन करता आला असता. पण तू फोन उचललास की स्पीकरवर टाकतेस आणि मागून माझा भाऊच जास्त बोलतो. शिवाय आपलं जुनं ठरलेलं आहे, आजारपण आणि लग्नकार्य फोनवर, पुस्तकं आणि भांडणं पत्रात. हे पत्र यातलं कुठलं ते तूच ठरव.

काल आपल्या गावातल्या बायडाबाईंच्या सुनेचं स्टेटस पाहिलं. 'थोर विचारवंत रामनाथ डोके सर आपल्या विहारात, रविवार १४ सप्टेंबर.' वर सरांचा फोटो, खाली दोन गुलाब. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गुलाब तसेच होते आणि सरही तसेच होते.

प्रतीक्षा, या तालुक्यात लेखकांशी गप्पा म्हटलं की आमचं वाचनालय, आणि वाचनालय म्हटलं की रत्ना, असं लोक म्हणतात. मीही म्हणते. ग्रंथपालाची नोकरी संपली तरी मुलाखती मीच घेते. कवी आले, इतिहासवाले आले, कायदेपंडित आले. आले नाहीत ते एकटे रामनाथ सर. त्यांचं एकेक पुस्तक मी पेन्सिल घेऊन वाचलंय. माणूस अन्याय का विसरतो, क्षमा म्हणजे काय, सुखाची लाज का वाटते, असले विषय त्या माणसानं घरातल्या भांड्याकुंड्यांसारखे सोपे करून ठेवलेत. दर वर्षी मी बोलावते आणि दर वर्षी सुबक अक्षरात एकच उत्तर येतं, 'प्रकृती साथ देत नाही.'

आता ही प्रकृती जुन्नरला येताना बिघडते आणि महाळुंगे पडवळला जाताना ठणठणीत होते, हे कुठलं वैद्यक ते मला समजावून सांग.

आणि मला हे स्टेटसवरून कळावं? सख्ख्या भावजयीकडून नाही? माझा जळफळाट झाला आहे. लपवत नाही.

जयवंतला आशीर्वाद. तुलाही, पण जरा कमी.

तुझी,
रत्नाताई

•

महाळुंगे पडवळ,
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय ताईंस,
सप्रेम जय भीम.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चुकलंच. पण खरं सांगू का, सर येतील यावर माझाच विश्वास बसत नव्हता. आधी तुम्हाला सांगायचं आणि मग त्यांची प्रकृती बिघडायची, म्हणजे माझीच फजिती.

ते कसे कबूल झाले ते ऐका. वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत आमच्या विहारात रोज ग्रंथवाचन चालतं हे तुम्हाला माहीतच आहे, तुमचं माहेरच ते. गेल्या वर्षीपासून आम्ही बायकांनी रविवारी एखादा पाहुणा बोलवायला सुरुवात केली. मंच नाही, शाल-नारळ नाही. पाहुण्यानं सतरंजीवर बसायचं. त्याच्यासमोर एक जागा मोकळी ठेवायची. ज्या बाईची पाळी असेल तिनं तिथं बसायचं, आधी आपल्या घरातलं काहीतरी खरंखुरं सांगायचं आणि मग त्यातून निघालेला प्रश्न विचारायचा. घरातलं सांगितल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. तिचं झालं की मग बाकीच्या.

एकदा वाचनात बुद्धांनी सांगितलेल्या चार भावना आल्या, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद, असं मी सांगितलं. बायडाबाई म्हणाल्या, "आगं, करुणा जमती. कुणाचं वाईट झालं का माझ्या डोळ्यातनं आपसूक पाणी येतं. पर कुणाचं लई चांगलं झालं का माझ्या पोटात दुखतं. त्यावर काय औषीध?" सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीच्या कामावरून घरी आले आणि हे जसंच्या तसं सरांना लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, 'येतो. याचं औषध मीही शोधतो आहे. आता थकलो आहे, यापुढे बाहेरगावी जाणार नाही, पण हे एक करतो.'

ताई, तुम्ही याच. आणि सरांना काय काय विचारावं ते मला लिहून पाठवा. तुमच्यासारखे प्रश्न मला सुचत नाहीत.

तुमची,
प्रतीक्षा

•

जुन्नर,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रतीक्षास,

म्हणजे ही त्यांची शेवटची फेरी. ते वाक्य तू सहज लिहून गेलीस. मी मात्र ते वाचून बराच वेळ खिडकीत उभी होते.

सरळच मागते. सरांसमोरची ती जागा त्या दिवशी मला दे. बायडाबाईंना पुढचा रविवार मिळेल, त्यांचं पोट काय, केव्हाही दुखेल. मला दुसरा रामनाथ मिळणार नाही.

माझ्यासाठी हे काय आहे ते तुला कळावं म्हणून एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कादंबरीकार आले होते. त्यांचं आत्मचरित्र तेव्हा फार गाजत होतं. मी भर सभागृहात विचारलं, "तुमच्या पुस्तकात वडील बोलतात, मास्तर बोलतात, गावचा पाटीलही बोलतो. आई एकदाही बोलत नाही. त्या गप्प होत्या, की तुम्ही ऐकलं नाही?" त्यांनी समोरचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. कार्यक्रम कसाबसा उरकला आणि ते जेवायला न थांबता निघून गेले. ते रामनाथ सरांचे जिवलग मित्र. तेव्हापासून मला वाटतं, माझी कीर्ती पुण्यात सरांच्या घरापर्यंत पोचली असणार. जुन्नरची बाई पाहुण्याचा अपमान करते म्हणून. सर येत नाहीत ते त्यामुळेच, दुसरं कारण मला दिसत नाही. एकदा त्यांच्यासमोर बसून मला ते धुऊन काढायचं आहे.

प्रश्न सोबत पाठवते. त्यातले चांगले मी काढून ठेवलेत, खोटं कशाला बोलू.

आणि जागा देणार नसशील तर त्याच रविवारी वाचनालयातही कार्यक्रम आहे. खोडदच्या दुर्बिणीवर नोकरी करून निवृत्त झालेले सुनील भोर, आकाशावर छान लिहितात. विषय, 'या विश्वात आपण एकटे आहोत का?' त्याचा माइक आणि स्पीकर घेऊन जयवंत दर वर्षीप्रमाणे माझ्याकडे येईल. तो आधी माझा भाऊ आहे, नंतर तुझा नवरा. गुडघा दुखतो आहे, त्यामुळे तशीही मी तुमच्या सतरंजीवर बसू शकणार नाही.

रत्नाताई

•

महाळुंगे पडवळ,
२७ ऑगस्ट २०२५

ताई,

सतरंजीवर बसता येत नाही तर सतरंजीवरची जागा कशाला मागता? आणि गुडघा दुखत असताना मागच्या आठवड्यात लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या कशा चढलात? फोटो आम्हीही पाहतो.

जागा देता येणार नाही. पाळ्या आम्ही सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या टाकून ठरवल्यात. बायडाबाईंच्या आयुष्यात कुणी त्यांना "तुम्ही विचारा" म्हटलं नव्हतं. त्या रोज चार बायका गाठून पुन्हा पुन्हा तोच प्रश्न म्हणून दाखवतायत. मी कुठल्या तोंडानं उठवू? माझी नणंद शिकलेली आहे म्हणून?

माइक न्या. स्पीकर न्या. भाऊही न्या. आमचा विहार लहान आहे, बोललेलं ऐकू येतं.

आता तुम्ही मन मोकळं केलंत तर मीही करते. तुमचे प्रश्न आले. चांगले काढून ठेवलेत म्हणता, मग उरलेले इतके चांगले कसे? एक वाचला आणि वाटलं, हा मला दहा जन्मांत सुचला नसता. चुलीत घालावेत असं वाटलं, पण आमच्याकडे आता गॅस आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात ऐकते आहे, 'रत्नाला विचार', 'रत्नाचं वाचन दांडगं', 'रत्नानं असं केलं असतं'. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तुमचे भाऊ तुमच्या भाजीची आठवण काढतात. एक रविवार, ताई. एकच रविवार माझ्या हातून घडतो आहे. तोही तुम्हाला हवा?

प्रश्न मी कपाटात ठेवलेत. विचारणार नाही.

प्रतीक्षा

•

जुन्नर,
१५ सप्टेंबर २०२५

प्रतीक्षास,

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण द्यायला चांगलं काही नव्हतं.

कालचा वृत्तान्त ऐक. पाऊस पडत होता. भोरसाहेब फार सुंदर बोलले. माइक स्वच्छ, स्पीकर खणखणीत, खुर्च्या भरपूर. माणसं तेवढी नव्हती. विश्वात आपण एकटे आहोत का, या प्रश्नाला माझ्या सभागृहानंच उत्तर देऊन टाकलं.

आणि तुझा नवरा. मशीनपाशी बसला होता, कानात ती पांढरी गोळी घालून. मला वाटलं आवाज तपासतोय. भोरसाहेब तारा कसा मरतो ते सांगत होते, सगळे गंभीर, आणि हा एकदम हसला. हसला तो हसला, वर माझ्याकडे बघून मान डोलावली. तेव्हा कळलं, बसलाय माझ्या सभागृहात आणि फोनवर ऐकतोय तुझ्या विहारातलं. कार्यक्रम संपल्यावर विचारलं, "काय म्हणाले सर?" तर म्हणतो, "ताई, ते प्रतीक्षाच लिहील. मी सांगितलं तर घरी जेवाण मिळायचं न्हाई."

रात्रभर पोटात दुखलं. बायडाबाईंना सांग, त्या एकट्या नाहीत.

आता मान खाली घालून विचारते. सर कुठे बसले? काय म्हणाले? थकलेले दिसत होते का? मला सगळं लिही. शब्द न् शब्द लिही. माझं चुकलं, माइक मी अडवायला नको होता.

रत्नाताई

•

महाळुंगे पडवळ,
१९ सप्टेंबर २०२५

आदरणीय ताईंस,
सप्रेम जय भीम.

कार्यक्रम छान झाला. सर बरे होते. लोकांना आवडलं. बायडाबाईंनी प्रश्न चांगला विचारला. सोबत एक फोटो पाठवते आहे. अंगणवाडीत तपासणी आहे, त्यामुळे घाईत आहे.

तुमची,
प्रतीक्षा

•

जुन्नर,
२३ सप्टेंबर २०२५

प्रतीक्षास,

पाहुणे जेवून गेल्यावर पत्रावळीवर जेवढं उरतं, तेवढं पत्र मिळालं.

'छान झाला. लोकांना आवडलं.' ज्या माणसाची मी अर्धं आयुष्य वाट पाहिली, त्याच्याबद्दल तू मला हे लिहितेस? शाळेच्या सहलीवर निबंध लिहिणारी पोरंही याहून जास्त लिहितात. मी मान खाली घातली आणि तू त्या मानेवर पाय दिलास. ठीक आहे. तुझा रविवार तुला लखलाभ.

फोटो पाहिला. सर मांडी घालून बसलेत, हातात कप आहे, समोर बायडाबाई. तू कडेला उभी आहेस. तुझा चेहरा काही आनंदी दिसत नाही. का, ते मला ठाऊक नाही आणि आता विचारणारही नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. आई गेल्यापासून दर वर्षी विहारातली खीर माझ्या हातची असते. या वर्षी दुसरं कुणी बघा.

रत्ना

•

महाळुंगे पडवळ,
२८ सप्टेंबर २०२५

ताई,

हे पत्र मी लिहिते आहे, पण लिहायला लावलं बायडाबाईंनी. काल दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्या वन्संला सांगितलंस का? न्हाई सांगितलंस तर उद्याच्या ईष्टीनं मीच जाऊन सांगते." तुमचे भाऊ तर त्या दिवसापासून रोज ताटावर बसले की विचारतात, "लिहिलंस का?" दोघांनी मिळून माझं जेवण कडू केलंय.

तर सगळं लिहिते.

सर आले. चहा घेतला. बायडाबाई समोर बसल्या. आधी घरातलं सांगितलं, "सर, शेजारणीच्या म्हशीला पारडी झाली आन माझ्या म्हशीला रेडा. मला दोन दिस जेवाण ग्वाड लागलं न्हाई. ती शेजारीण माझ्या अडीनडीला धावती, बाळंतपणं केली तिनं माझ्या सुनांची. तरी आसं का व्हतं?"

सर जरा पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "लांबच्या माणसाचा हेवा वाटत नाही, बाई. राजाला सोन्याचा पलंग आहे म्हणून आपली झोप उडत नाही. ज्याच्यासोबत आपण एका पंगतीला बसतो, त्याच्या ताटाकडे नजर जाते. म्हणजे हेवा वाटला की समजायचं, हे माणूस आपल्या जवळचं आहे. मुदिता ही त्याच माणसासाठी शिकायची असते, म्हणून ती चौघींत सगळ्यात अवघड."

बायडाबाई म्हणाल्या, "तुमाला जमली का?"

सर हसले. म्हणाले, "तुमचा नियम घरातलं सांगायचा आहे ना? मग मीही सांगतो. जुन्नरच्या वाचनालयात एक बाई आहेत. त्यांनी माझ्या मित्राला भर सभेत त्याच्या आईबद्दल एक प्रश्न विचारला. तो त्या रात्री माझ्याकडे आला, जेवला नाही, रडला. म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी खरं वाचलं. नंतर त्यानं आईवर पुस्तक लिहिलं, त्याचं सगळ्यात चांगलं. मला त्याचा इतका हेवा वाटला की विचारू नका. मला असा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. आणि त्याच वेळी धडकी भरली, मला विचारला तर? त्या बाई दर वर्षी बोलावतात आणि मी दर वर्षी प्रकृतीचं निमित्त सांगतो. प्रकृतीला काही झालेलं नाही. मी त्या प्रश्नाला घाबरतो."

सगळा विहार हसला. तुमचे भाऊ तुमच्या सभागृहात हसले ते तेव्हाच. आणि सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. 'माझी नणंद ती', एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. कप गोळा करायला लागले. ताई, माझ्या रविवारी, माझ्या विहारात, माझ्या पाहुण्याच्या तोंडी तुम्ही. तिथंही रत्नाच.

एवढंच असतं तर मी केव्हाच लिहिलं असतं. निघताना सरांनी मला विचारलं, "इथून जुन्नर किती लांब? त्या बाई आज भेटतील का? आता एवढं कबूल केलंच आहे, तर तोंडावर सांगून जातो." गाडी दारात होती. आणि मी म्हणाले, "त्यांचा आज मोठा कार्यक्रम आहे, सर, गर्दीत भेट होणार नाही." त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "त्यांना सांगा, पुण्याला या, मी आता पळत नाही." गाडी पुण्याकडे गेली.

फोटो बायडाबाईंच्या सुनेनं त्याच्या थोडा आधी, मी कप गोळा करत असताना काढला. माझ्या चेहऱ्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत.

खिरीला या किंवा येऊ नका. मला बोलायला तोंड नाही.

प्रतीक्षा

•

जुन्नर,
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रतीक्षास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी कसं वाचलं ते सांगते. सर माझ्याबद्दल काय म्हणाले, तिथपर्यंत आले आणि पुढे गेलेच नाही. पुन्हा वर जाऊन वाचलं. मग उठून चहा केला आणि चहा निवेपर्यंत पुन्हा वाचलं. 'मला कुणीतरी खरं वाचलं' असं म्हणाले ते कादंबरीकार? आणि मी इतकी वर्षं समजत होते की मी एका माणसाचा अपमान केला. प्रतीक्षा, मी रडले. लपवत नाही.

गाडीचं मी त्यानंतर वाचलं. आणि मग इतकी चिडले की घराबाहेर पडून पार बाजारापर्यंत चालत गेले, गुडघ्यासकट. माझ्या रिकाम्या खुर्च्यांसमोर रामनाथ सर दारातून आत आले असते! भोरसाहेबांना म्हटलं असतं, बघा, आपण एकटे नाही. ते दृश्य तू माझ्याकडून काढून घेतलंस. त्याबद्दल तुला माफ केलं, असं लिहिणार होते, पण खरं नाही ते. होईल हळूहळू.

पुण्याला मी जाणार आहे. एकटी जाणार आहे. तुला नेणार नाही, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. एवढा सूड मला घेऊ दे.

बायडाबाईंना माझा जय भीम सांग. त्यांची जागा मागितली ती माझी चूक होती. त्या नियमाशिवाय सर बोललेच नसते. मी त्यांना क्षमेबद्दल विचारलं असतं आणि त्यांनी मला क्षमेबद्दल सांगितलं असतं, आणि आम्ही दोघं कोरडे घरी गेलो असतो.

आश्विन पौर्णिमेला मी येते आहे. दूध जयवंतला आणायला सांगू नकोस, तो कमी आणतो. वेलदोडे माझ्याकडे आहेत.

खीर झाली की सतरंजी घाल आणि समोरची ती जागा मला दे. पाळी नसली तरी दे, बायका नाही म्हणणार नाहीत. पाहुण्याच्या जागी तू बस. नियमाप्रमाणे आधी घरातलं सांगेन की माझ्या घरी एक भावजय आहे, तिनं माझं एक मोठं सुख दारातून परत पाठवलं आणि मग स्वतःच्या हातानं मला तसं लिहून कळवलं. मग तुला विचारीन, ते पत्र लिहायचं बळ कुठून आणलंस? कारण तुझ्या जागी मी असते ना प्रतीक्षा, तर गाडी मीही पुण्याकडेच पाठवली असती. पण पत्र लिहिलं नसतं. आणि आता मला त्याचाही हेवा वाटतो आहे.

तुझी,
रत्नाताई